हौस आपली, डोके दुसऱ्याचे

गेल्या वर्षीच्या आश्विनातली गोष्ट. परतीचा पाऊस नुकताच ओसरला होता आणि दुपारी तीनच्या सुमारास एकाएकी वावटळ उठली. मी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आरामखुर्चीत पडलो होतो. गॅलरीत काही तरी खरवडल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ खालून कोणी तरी ओरडले. धावत जाऊन पाहतो तो कठड्यावरची जास्वंदीची कुंडी जागेवर नाही!

आमच्या सौभाग्यवतींना बागेची हौस. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात बाग कसली करणार, असे विचारणाऱ्याला आमची गॅलरी दाखवावी. नऊ फूट लांब, साडेतीन फूट रुंद एवढ्या जागेत बेचाळीस कुंड्या! त्यांतल्या आठ कठड्यावर, कारण ऊन तिथेच येते. खाली सोसायटीच्या भिंतीला टेकून इस्त्रीवाल्यांचे टेबल. कुंडी टेबलाच्या कडेवर फुटली आणि जाता जाता त्यांच्या उजव्या मनगटावर आदळली. चार बोटे अलीकडे पडती तर डोक्यातच बसायची.

मी चपला न घालताच खाली गेलो. माणसे जमलीच होती. इस्त्रीवाले भिंतीशी बसून एका हाताने दुसरे मनगट आवळून धरत होते आणि तशाही स्थितीत त्यांना काळजी लागली होती ती दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टांची. त्यांवर सगळी माती सांडली होती. मी जमलेल्या मंडळींदेखत म्हणालो, "चूक आमची आहे. जो काय खर्च होईल तो मी देईन."

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यावरून पुढे मला चांगलेच ऐकून घ्यावे लागले.

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर आणि नंतर महिनाभर जड इस्त्री उचलायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दवाखान्याचे बिल मी दिले. ते फार नव्हते. पण नगावर पैसे मिळवणाऱ्या माणसाचे अडीच महिने म्हणजे किती, हा हिशेब कसा करायचा? आम्ही दोघे एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दिवसाला कपडे किती, सणासुदीला किती, कोळशाचा खर्च वजा जाता किती. आकडा निघाला तेव्हा सौभाग्यवती गप्प झाल्या. दिवाळीच्या खरेदीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात गेली आणि वर थोडी मुदत ठेव मोडावी लागली.

एवढ्यात सोसायटीची सभा भरली. चिटणीस म्हणाले, "मुळात त्याला तिथे टेबल मांडायची परवानगीच कुठे होती? तुम्ही कशाला एवढे मनाला लावून घेता?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. हेच गृहस्थ गेली बारा वर्षे आपल्या विजारी त्याच टेबलावर कडक करून घेत आहेत, हे कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

मग मला आठवण झाली ती कपाटातल्या विम्याच्या कागदांची. फ्लॅटचे कर्ज काढले तेव्हा बँकेने घराचा विमा उतरवायला लावला होता. मोठ्या आशेने मी ते बाड बाहेर काढले. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दंगल — माझ्या घरावर जी जी म्हणून आपत्ती कोसळू शकेल, तिची नोंद त्यात होती. माझ्या घरातून दुसऱ्यावर जे कोसळेल, त्याबद्दल अवाक्षर नव्हते.

आमचे एक मावसबंधू सर्वसाधारण विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना कागद दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "यात तुझ्या कामाचं काही नाही. तुला हवा होता तो दायित्वाचा विमा. पब्लिक लायबिलिटी. मोटारीला थर्ड पार्टी असतो ना, तसा घराला आणि माणसाला."

"मग तो असता तर पैसे मिळाले असते?"

"तू अपघाताच्या वेळी काय बोललास?"

मी सांगितले.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग पॉलिसी असती तरी तू ती तिथल्या तिथे खाली फेकलीस, कुंडीच्या मागोमाग!"

अण्णांच्या म्हणण्याचा अर्थ मला समजायला दोन दिवस लागले, आणि तो समजून घेताना एका वेगळ्याच दुनियेत मी शिरलो. ती वाचकांनाही माहीत असावी म्हणून हा प्रपंच. कारण हौस कोणाला नाही? कोणी गॅलरीत कुंड्या लावतो, कोणी कुत्रा पाळतो, कोणी रविवारी सायकल घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जातो, कोणी गच्चीवरून ड्रोन उडवतो, कोणी दहा-पंधरा मित्रांना घेऊन राजमाचीची वाट धरतो. हौसेला मोल नाही म्हणतात. पण तिच्यापायी दुसऱ्याचा हात मोडला की मोल पडते, आणि ते कोणी द्यायचे हा प्रश्न उभा राहतो.

प्रश्न मुळीच नवा नाही. प्राचीन रोममध्ये चार-चार, पाच-पाच मजली भाड्याच्या चाळी होत्या, आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर वरून काय पडेल याचा नेम नसे. तेव्हा तिथल्या न्यायाधिकाऱ्यांनी नियम घालून दिला: बिऱ्हाडातून काही फेकले गेले किंवा ओतले गेले आणि त्याने कोणाची वस्तू बिघडली, तर त्या बिऱ्हाडात राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यावी, मग फेकणारा तो स्वतः असो वा दुसरा कोणी. एवढेच नव्हे, तर रहदारीच्या वाटेवर कोणी सज्जात वा छपरावर पडण्याजोगी वस्तू नुसती ठेवली किंवा टांगली, तरी दहा सुवर्णमुद्रा दंड. वस्तू पडायचीही गरज नाही! आमच्या गॅलरीचा त्या हिशेबाने आठ कुंड्यांचा दंड किती झाला असता, ते मी सौभाग्यवतींना सांगितले नाही.

पण मला थक्क केले ते पुढच्या कलमाने. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून इ. स. ५३३ मध्ये जे कायद्याचे पाठ्यपुस्तक तयार झाले, त्यात म्हटले आहे की अशा प्रकारे माणूस जखमी झाला, तर न्यायाधीशाने वैद्याचा खर्च धरावा, जखमेमुळे बुडालेली मजुरी धरावी आणि पुढे बुडणार असलेली मजुरीही धरावी. आम्ही नवरा-बायकोने रात्री कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला, तो रोमन पंडितांनी पंधराशे वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

आपल्याकडे असा स्वतंत्र लेखी कायदा नाही. इंग्रजी अमदानीतून आलेले निष्काळजीपणाचे तत्त्व आपली न्यायालये वापरतात. दुसऱ्याला इजा होईल हे सामान्य शहाण्या माणसाला आधी दिसण्याजोगे असेल आणि तरीही त्याने काळजी घेतली नाही, तर भरपाई द्यावी लागते. मात्र रस्त्यालगतच्या इमारतींच्या बाबतीत आपले सर्वोच्च न्यायालय बरेच कडक आहे. दिल्लीच्या चांदनी चौकात टाउन हॉलसमोर जुना घड्याळाचा मनोरा होता. तो कोसळून माणसे दगावली. नगरपालिकेचे म्हणणे, आतला दोष वरून दिसत नव्हता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. मनोरा ऐंशी वर्षांचा, त्यातल्या चुन्याचे आयुष्य त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग तपासणी कोणी करायची? रस्त्याकडेला इमारत बाळगणाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची विशेष जबाबदारी असते, आणि मनोरा पडला ही गोष्टच निष्काळजीपणाबद्दल पुरेशी बोलकी आहे, असे न्यायालयाने ठरवले. मनोऱ्याच्या जागी कुंडी घाला. तीही आपण होऊन उडी मारीत नाही.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट क्रिकेटच्या हौशी मंडळींनी जरूर वाचावी. इंग्लंडात मँचेस्टरजवळ चीटहॅम येथे एक जुना क्लब. त्या मैदानावर १८६४ सालापासून क्रिकेट चाललेले. ९ ऑगस्ट १९४७ रोजी पाहुण्या संघाच्या एका फलंदाजाने असा टोला हाणला की चेंडू कुंपणावरून बाहेर गेला आणि शंभरेक यार्डांवर, आपल्या घरासमोर रस्त्यावर उभ्या असलेल्या मिस स्टोन नावाच्या बाईंना लागला. बाईंनी क्लबवर दावा लावला. पहिल्या कोर्टात हरल्या, अपिलात जिंकल्या, आणि १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पुन्हा हरल्या. लॉर्डसाहेबांचे म्हणणे असे की, तीस वर्षांत सहाएक वेळाच चेंडू बाहेर गेलेला; कुंपण उंच; एवढ्या बारीक धोक्यासाठी खबरदारी घेतली नाही म्हणून क्लब निष्काळजी ठरत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. ते चूक काढतात की बरोबर, हे त्यांचे त्यांना ठाऊक. मला मात्र त्या बाईंचे वाईट वाटते. इजा खरी, दुखणे खरे, चूक कोणाचीच नाही. म्हणून भरपाईही नाही. दायित्वाच्या विम्याचे मर्म नेमके इथे आहे. हा विमा अपघात झाला म्हणून पैसे देत नाही. कायद्याने तुमच्यावर भरपाईची जबाबदारी आली, तरच देतो. क्लबने दहा विमे उतरवले असते तरी त्या निकालानंतर मिस स्टोनबाईंच्या हाती एक पेनीही आली नसती.

पुढे १९७७ साली डरहॅम परगण्यातल्या लिंट्झ गावी असाच तंटा झाला. तिथे मैदान सत्तर वर्षांचे आणि घरे नवी, हौसेने मैदानाकाठी घेतलेली. चेंडू मात्र नेहमीच यायचे. कौले फुटायची, खिडक्या फुटायच्या. या वेळी अपील कोर्टाने बहुमताने क्लबला दोषी धरले, चारशे पौंड भरपाई द्यायला लावली, पण खेळ बंद करायला नकार दिला. हा निकाल मला पटतो. हौसही चालू राहावी आणि काचही भरून मिळावी!

आता हे सगळे साहेबाच्या देशातले, असे म्हणून सोडून देण्याआधी जपानकडे पाहा. कोबे शहरात २००८ साली अकरा वर्षांचा एक मुलगा रात्री उतारावरून सायकल भरधाव सोडून येत होता. वाटेत एका साठी ओलांडलेल्या बाईंना त्याची धडक बसली आणि त्या कायमच्या बेशुद्धावस्थेत गेल्या. २०१३ साली तिथल्या जिल्हा न्यायालयाने त्या मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायला लावली, मुलाला नीट वळण लावण्यात तिने कसूर केली म्हणून. सायकलीवरच्या शाळकरी पोराने केलेले नुकसान, आणि आकडा असा की मध्यमवर्गीय संसार समूळ उखडावा! त्या निकालाने जपान हादरले. ज्या ह्योगो प्रांतात कोबे शहर आहे, त्याने २०१५ साली सायकलस्वारांना दायित्वाचा विमा सक्तीचा केला आणि मग इतर अनेक प्रांतांनी तोच मार्ग धरला.

जपानी मंडळी या कामात इतकी पुढे गेली आहेत की तिथे गोल्फ खेळणाऱ्यांसाठी विमा मिळतो. चेंडू कोणाला लागला तर भरपाई आहेच. शिवाय एका फटक्यात चेंडू खळग्यात गेला, तर तिकडच्या रीतीप्रमाणे मित्रमंडळींना मेजवानी आणि भेटी द्याव्या लागतात, तो खर्चही विमा कंपनी देते! आपल्याकडे पोरगा पहिला आला की पेढे वाटायचा विमा निघेल तेव्हा खरे.

जर्मनीत तर दायित्वाचा विमा घरोघरी असतो. आपल्याकडची मुले शिकायला तिकडे गेली की आधी गेलेली मराठी मंडळी त्यांना जी पहिली कामे सांगतात, त्यांत खोली, बँकेचे खाते आणि हा 'हाफ्टफ्लिश्ट' विमा असतो. उसन्या खोलीतले बेसिन फुटले, सायकल कोणाच्या मोटारीला घासली, की त्याचा उपयोग. कुत्र्याबद्दल बर्लिन, हॅम्बुर्गसारख्या कित्येक प्रांतांत तो सक्तीचाच आहे. अमेरिकेत विमानांच्या लहान प्रतिकृती उडवणाऱ्या हौशी लोकांची १९३६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिच्या वर्गणीतच सभासदाचा पंचवीस लाख डॉलरपर्यंतचा दायित्व विमा येतो. एकेकट्याने विमा शोधत हिंडण्यापेक्षा क्लबमार्फत घ्यायचा, ही युक्ती आपल्या गिर्यारोहण मंडळांनी आणि सायकल क्लबांनी उचलण्याजोगी आहे.

आपल्याकडे काय आहे? सक्ती म्हणाल तर दोन ठिकाणी. मोटारीला थर्ड पार्टी विमा हवाच. ही सक्ती १९३९ च्या मोटार कायद्याने आली आणि १९८८ च्या कायद्यात चालू राहिली. दुसरी सक्ती ड्रोनची. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला थर्ड पार्टी विमा लागतो, मग तो लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा असो की गच्चीवर गंमत म्हणून उडवणाऱ्याचा. भाच्याला वाढदिवसाला ड्रोन देणाऱ्या मामाने खोक्यावरचे वजन अवश्य वाचावे. जाता जाता एक मौज: १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात पतंगाचाही समावेश होता! सुदैवाने संक्रांतीला कोणी वैमानिकाचा परवाना मागितला नाही. पण नायलॉनचा मांजा हा थट्टेचा विषय नाही. त्याने दुचाकीस्वारांचे गळे कापले गेले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर त्यावर बंदी घातली. बंदी मोडून केलेल्या हौसेची भरपाई कोणताही विमा देणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

साध्या सायकलीला सक्ती नाही. कुत्र्याला नाही. कुंडीला तर नाहीच. कुत्र्याबद्दल निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. तो दंड विमा कंपनी भरत नाही आणि तुमच्या वतीने तुरुंगातही जात नाही. विम्याचे काम फक्त चावलेल्या माणसाच्या भरपाईपुरते.

लोकांची आणखी एका ठिकाणी गल्लत होते. "आमच्या मंडळाचा विमा आहे" असे ऐकले की आपण निश्चिंत होतो. दहीहंडीच्या गोविंदांचा विमा अलीकडे राज्य सरकारच्या मदतीने उतरवला जातो. चांगलीच गोष्ट. पण तो गोविंदाचा अपघात विमा आहे. थर कोसळून बाजूला उभ्या बघ्याचा पाय मोडला तर त्याला त्याचा उपयोग नाही. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जी. एस. बी. सेवा मंडळाच्या गणपतीचा २०२४ सालचा विमा चारशे कोटींवर गेल्याचे आपण वाचले. त्यातला मोठा वाटा स्वयंसेवक आणि पुजारी यांच्या अपघात विम्याचा आणि दागिन्यांचा; पण मंडपात येणाऱ्या लोकांबद्दलच्या दायित्वाचाही एक भाग त्यात होता. गल्लीतल्या मंडळाने पावती फाडायला आलेल्या कार्यकर्त्यांना हे दोन्ही विमे वेगळे विचारून पाहावेत. पुष्कळदा पहिलाच असतो, कधी कधी तोही नसतो.

तशीच गल्लत घराच्या विम्याबाबत. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी विकतात. घर आणि घरातले सामान यांसाठी ती उत्तम आहे. जादा हप्ता देऊन दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू आणि पति-पत्नीचा अपघात विमा तिला जोडता येतो. पण दुसऱ्याच्या नुकसानीचे दायित्व तिच्यात येत नाही. त्यासाठी गृहस्थांकरिता असलेली एकत्रित, 'पॅकेज' पॉलिसी मागावी लागते, आणि तिच्यातला पब्लिक लायबिलिटीचा भाग मुद्दाम नाव घेऊन मागावा लागतो. कोणी आपण होऊन देत नाही. का, असे मी अण्णांना विचारले. ते हसले. "त्याचा हप्ता इतका किरकोळ असतो की विकणाऱ्याच्या दलालीत चहाही सुटत नाही. कोण कशाला समजावत बसेल?"

ती मिळाली तरी बारीक अक्षरे वाचायची. घरच्या माणसाला लागले तर नाही. आपल्याच वस्तूचे नुकसान झाले तर नाही. दुसऱ्याकडून वापरायला आणलेला कॅमेरा किंवा तानपुरा फुटला तर बहुधा नाही, कारण तो आपल्या ताब्यात होता. मोटार, विमान यांपासून झालेले नुकसान नाही. मुद्दाम केलेले तर नाहीच नाही. आणि सगळ्यांत फसवे कलम धंद्याचे. हौस तोवरच हौस, जोवर तिचे पैसे घेत नाही. सौभाग्यवतींनी शेजारणींना कुंड्या भरून द्यायला सुरुवात केली आणि मातीचे म्हणून दोनशे रुपये घेतले, की कंपनी म्हणू शकते, हा व्यवसाय झाला. फी घेऊन ट्रेकला नेणाऱ्या हौशी नेत्यांनी हे फारच ध्यानात घ्यावे. "मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे" असा कागद सह्या करून घेतला म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. त्या कागदाने नेत्याच्या निष्काळजीपणावर पांघरूण पडेलच अशी खात्री कोणी देऊ नये.

दिवाळीचे दिवस आहेत म्हणून आणखी एक. समजा, तुमच्या चिरंजीवांचे रॉकेट समोरच्या घरात शिरले आणि पडदे, सोफा जळाला. शेजाऱ्याचा आगीचा विमा आहे. त्याला कंपनीकडून पैसे मिळाले. तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकून चकली तोंडात घातलीत. इतक्यात त्या कंपनीचे पत्र तुमच्या नावाने येते! कारण शेजाऱ्याला भरपाई दिली की त्याचा तुमच्यावरचा हक्क कंपनीकडे जातो. शेजारी भिडेखातर गप्प बसेल, कंपनीला कसली भीड? मुलाच्या प्रत्येक कृत्याची भरपाई बापाने द्यावी असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. पण सात वर्षांच्या पोराच्या हाती रॉकेट देऊन बाप आत फराळाला बसला असेल, तर ती चूक बापाची स्वतःचीच.

आता माझ्या त्या वाक्याकडे येतो. दायित्वाच्या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, तडजोड करायची नाही. कारण उघड आहे. भरपाई कंपनीच्या खिशातून जायची, तर कोर्टात भांडायचे की मिटवायचे, हे तिला ठरवायचे असते. वकिलाचा खर्चही ती करते. माझ्यासारखा माणूस पहिल्याच मिनिटाला "चूक आमची" म्हणून मोकळा झाला, तर तिचे हात बांधले जातात.

मी अण्णांशी वाद घातला. समोर माणूस कळवळतो आहे आणि मी तोंड मिटून कंपनीला पत्र लिहीत बसू? अण्णा म्हणाले, "माणुसकी कोणी बंद केली? त्याला दवाखान्यात ने, पहिला खर्च कर, घरी डबा पाठव. मदत म्हणजे कबुली नव्हे. फक्त 'सगळं मी देईन' असं म्हणू नकोस आणि कसल्या कागदावर सही करू नकोस. त्याच दिवशी कंपनीला कळव. फोटो काढून ठेव. कोण कोण हजर होतं ते लिहून ठेव."

"आणि मग कंपनी देईल?"

"त्याने तुझ्याकडे लेखी मागणी केली तर. मागणीच नसेल तर ती कशाची भरपाई देणार?"

इथे मी अडलो. इस्त्रीवाले माझ्यावर दावा लावतील? ज्यांना परवानगीवाचून टेबल मांडल्याचे सोसायटीत ऐकवले गेले, ते वकिलाची नोटीस पाठवतील? त्यांना एवढेच हवे होते की हात बरा होईपर्यंत जागा जाऊ नये आणि गिऱ्हाईक तुटू नये. कायद्याची मागणी करायला जे बळ लागते, तेच नेमके खाली उभ्या असलेल्या माणसाकडे नसते. तेव्हा अण्णांना मी शेवटी एवढेच विचारले की, ती मागणी लिहून द्यायला मीच त्यांना मदत केली तर? अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरी हकीकत, खरे आकडे आणि कंपनीला सांगून-सवरून केलंस, तर त्यात गैर काही नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत असा विमेदार मला भेटला नाही."

आम्ही आता पॅकेज पॉलिसी घेतली आहे. दायित्वाच्या भागात दोन आकडे असतात, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती; ते दोन्ही विचारून घेतले. अर्जात कुंड्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. कचेरीतली मुलगी म्हणाली, "काका, कुंड्यांचं कोणी लिहीत नाही." मी म्हटले, लिहा. उद्या लपवले म्हणून कोणी बोलायला नको. कठड्यावरच्या सात कुंड्या आत आल्या. त्यांतल्या दोन उन्हावाचून गेल्या, म्हणून सौभाग्यवती आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग लोखंडी कडे बसवून, आतल्या बाजूला तारेने बांधून पाचांची सोय केली.

पैसे दिले खरे, पण एक गोष्ट आमच्या हिशेबात धरायची राहिलीच होती. अडीच महिने लोक थांबत नाहीत. पलीकडच्या कोपऱ्यावर विजेच्या इस्त्रीचे दुकान निघाले आणि निम्मी घरे तिकडे गेली ती गेलीच. आमचे इस्त्रीवाले परत आले तेव्हा गठ्ठा लहान झाला होता. मनगट थंडीत ठणकते, म्हणून जड साड्या ते आता घेत नाहीत. रोमन पंडित म्हणतात ती पुढे बुडणारी मजुरी ती हीच. मी ती धरली नव्हती. आता दर महिन्याला इस्त्रीचे पैसे देताना सौभाग्यवती हिशेबापेक्षा थोडे जास्त देतात आणि ते थोडे परत करतात, असा एक खेळ त्यांच्यात चालू आहे.

परवा वसुबारसेला आकाशकंदील लावला. दुहेरी तार, दोन गाठी, शिवाय खाली जाऊन वर बघून आलो. इस्त्रीवाले टेबलाशी उभे होते. त्यांनीही वर पाहिले, कंदील चांगला झाला आहे असे म्हणाले, आणि मग टेबल धरून दोन हात बाजूला ओढले. मी दुसऱ्या टोकाला हात लावला.